फराळाचा डबा आणि घरी भरलेली काडतुसं

पत्राचा गोषवारा: मध्य न्यू जर्सीत राहणारे, पंचेचाळिशीतले एक वाचक. मूळ गाव कणकवलीच्या बाजूचं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, माकडं आणि रानडुकरं हाकायला. ती लहानपणी पाहिलेली बंदूक डोक्यात राहिली आणि अमेरिकी नागरिकत्व मिळाल्यावर यांनी नेमबाजीचा छंद धरला. गेली सहा वर्षं ते आपली काडतुसं बेसमेंटमध्ये स्वतः भरतात. उडवलेल्या पितळी केसेस गोळा करून धुवायच्या, नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टिकली) बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. गेल्या दिवाळीत दोन घरं सोडून चोरी झाली, सोनं गेलं. तेव्हापासून निजायच्या खोलीतल्या छोट्या तिजोरीत भरलेलं पिस्तूल असतं आणि त्यात हीच घरची काडतुसं. क्लबातला एकजण म्हणाला, ‘घरात शिरलेल्यावर ही चालवलीस तर सरकारी वकील तुला कच्चा खाईल.’ दुसरा म्हणाला, ‘ही सगळी इंटरनेटवरची भुतं आहेत.’ पत्नीला तर बंदूकच घरात नको आहे. वाचक विचारतात: कायद्याची बंदी नाही, माझी काडतुसं दुकानातल्यांपेक्षा अचूक आहेत, मग वापरायला हरकत काय?

जाता जाता त्यांनी आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेत. काडतुसांच्या डब्यावर मार्करने ‘पाहुण्यांचा फराळ’ असं लिहून त्याचा फोटो मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. मास्टर्स करायला आलेला भाचा बेसमेंटमध्येच राहतो आणि रविवारी मामाला हातभार लावतो. आणि धाकटा मुलगा अकरा वर्षांचा आहे.

नमस्कार,

आधी एक कबुली. मी वकील नाही. वीसेक वर्षं इथल्या कोर्टांत मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून उभी राहिले, तेवढंच माझं भांडवल. कायद्याचे मुद्दे फौजदारी वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीकडून तपासून घेतले आहेत, तरीही वेळ आली तर तुमचा वकील तुम्हालाच गाठावा लागेल.

उत्तर लगेच हवं असेल तर: तिजोरीतल्या पिस्तुलात दुकानातली काडतुसं ठेवा, घरची रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, उडवा. पण क्लबातल्या त्या दोघांमध्ये खरं कुणाचं, असं विचाराल तर दोघांचंही अर्धंच खरं आहे. आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा धोका त्या दोघांनाही दिसलेला नाही. तुम्ही तो अर्ध्या वाक्यात उरकलात. त्याकडे येतेच.

पहिल्या मित्राची भीती अशी की सरकारी वकील ज्युरीकडे वळून म्हणेल, ‘पाहा, याला दुकानातली काडतुसं पुरली नाहीत, माणूस मारायला याने घरी खास बनवली.’ असं कुणी म्हणणारच नाही, हे मी सांगणार नाही. पण केवळ घरची काडतुसं वापरली म्हणून स्वसंरक्षणातला निरपराध माणूस आत गेला, असा खटला माझ्या पाहण्यात नाही, मैत्रिणीच्याही नाही. काडतुसावरून बोट दाखवायचंच असेल तर दुकानातलं काडतूसही चालतं. ॲरिझोनात २००४ साली एका निवृत्त शिक्षकाने रानवाटेवर अंगावर धावून येणाऱ्या माणसाला गोळ्या घातल्या. काडतुसं कारखान्यातली, १० मिलिमीटरची, हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांची. ही काडतुसं किती जबर असतात यावर खटल्यात बराच खल झाला, २००६ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली आणि २००९ मध्ये अपील कोर्टाने ती रद्द केली. तोवर तीन वर्षं गजाआड गेलीच. त्या काळी तिथे स्वसंरक्षण सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर होती. आपल्या न्यू जर्सीत तसं नाही. तुम्ही तो मुद्दा नीट उभा केलात तर तो खोटा पाडायचं ओझं सरकारवर येतं. म्हणून शब्दांच्या माराला मी फार घाबरत नाही. चांगला वकील ‘छंद आहे, पैसे वाचतात, लाखो अमेरिकी लोक करतात’ एवढ्यावर त्याची हवा काढू शकतो.

खरी अडचण आहे ती पुराव्याची, आणि ती तुमच्यासारख्या इंजिनिअर माणसाला पटायला हरकत नाही.

गोळी सुटते तेव्हा नळीतून गोळीबरोबर काजळी आणि न जळलेल्या दारूचे कणही बाहेर पडतात. समोरचा जवळ असेल तर ते त्याच्या सदऱ्यावर, कातडीवर बसतात. लांब असेल तर नाही. प्रयोगशाळा काय करते, तर तेच पिस्तूल आणि तसंच काडतूस घेऊन कापडावर वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडते आणि ठसे ताडून पाहते. त्यातून अंतर निघतं. आता समजा तुम्ही सांगितलंत, ‘तो हातभर अंतरावर होता, माझ्या अंगावर येत होता.’ त्याच्या सदऱ्यावर मात्र कण फारसे नाहीत, कारण तुम्ही रेंजसाठी दारू बेताची घातली होती. प्रयोगशाळेकडे तुमचं काडतूस नाही. उडालेलं ते उडालं. त्यांनी कारखान्याचं पूर्ण जोराचं काडतूस वापरलं तर त्यांचा निष्कर्ष निघेल की माणूस बराच लांब होता. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय.

कारखान्याच्या डब्यावर लॉट नंबर असतो. त्याच लॉटची काडतुसं मागवता येतात, कारखान्याची नोंद असते आणि त्या नोंदीत कारखान्याचा काही स्वार्थ नसतो. तुम्ही म्हणाल, माझ्याकडेही वही आहे, तारीखवार, दारूचं वजन दशांशापर्यंत. असेल. पण ती वही तुमची, हस्ताक्षर तुमचं, आणि तुरुंगात जायची वेळही तुमचीच आली आहे. सरकारी वकील एकच विचारणार: त्या रात्री पिस्तुलात याच पानावरची काडतुसं होती, कशावरून? या प्रश्नाला तुमच्या शब्दापलीकडे उत्तर नाही, आणि तुमचा शब्द खरा की खोटा हेच तर कोर्ट ठरवायला बसलंय. पिस्तुलात उरलेली काडतुसं तपासून घ्यायची मागणी करता येते, पण ‘ही याच हाताने, याच मापाने भरली’ हे त्यांच्यावर कुठे छापलेलं नसतं.

ही नुसती कल्पना नाही. १९८९ मध्ये आपल्याच राज्यात एक बाई घरात गोळी लागून गेली. नवऱ्याचं म्हणणं, तिने स्वतःच चालवली. रिव्हॉल्व्हरमधली काडतुसं त्याने घरी भरलेली होती, दारू मुद्दाम खूप कमी घातलेली. जवळून चालली तर कण दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत. त्याच्या हलक्या काडतुसांचा हिशोब तपासणीत कधी धड धरलाच गेला नाही. खटला एकदा चालून संपला नाही, पुन्हा चालवावा लागला आणि शेवटी खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाच्या खालच्या आरोपावर शिक्षा झाली. आता हेही लक्षात घ्या की तो स्वसंरक्षणाचा खटला नव्हता. नवरा खरं बोलत होता की नाही, ते मी ठरवू शकत नाही. माझा मुद्दा एवढाच की तो खरं बोलत असला तरी ते दाखवायचा रस्ता त्याने स्वतःच्याच हाताने बुजवला होता. तुमच्या क्लबातला दुसरा मित्र ज्याला भूत म्हणतो, त्याचा पत्ता हा आहे.

तुमचा दुसरा मुद्दा अचूकपणाचा. पन्नास यार्डांवरच्या कागदाला तुमची काडतुसं नेमकी लागत असतील, मला शंका नाही. पण निजायच्या खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंतचं अंतर किती? पंधरा फूट? तिथे वितभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? तिथे हवं असतं ते काडतूस हमखास उडणारं. सहा वर्षांत एकदाही प्रायमर ओला लागला नाही, एकदाही दारू कमीजास्त पडली नाही, असं तुम्ही लिहिलेलं नाही. खरा छंदी माणूस तसं लिहिणारही नाही. स्वसंरक्षणाच्या काडतुसांचे प्रायमर आणि केसचं तोंड कारखान्यात बहुधा सीलबंद केलेलं असतं, ते याचसाठी.

तेव्हा असं करा. आसपासची पोलीस खाती वापरतात त्यासारख्या, नावाजलेल्या बनावटीचे दोन-चार डबे एकाच लॉटचे घ्या. त्यातली काही रेंजवर उडवून पिस्तूल अडत नाही ना ते बघा. एक डबा न फोडता, बिलासकट बाजूला ठेवून द्या. घरची काडतुसं वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात, दोन्हींची सरमिसळ होता कामा नये. वही लिहीत राहा, तुमच्या सुरक्षेसाठी ती हवीच. आणि परमिट काढून पिस्तूल बरोबर बाळगायचा विचार करताय असं पत्रात एका ठिकाणी सुचवलंय, म्हणून सांगते: न्यू जर्सीत हॉलो पॉइंट गोळ्या घरात ठेवता येतात, रेंजवर नेता येतात, पण परमिट असला तरी त्या भरून बाजारहाट करत फिरता येत नाही. २०२२ च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर परमिट सोपे झाले म्हणून हा नियम गेला, असं पुष्कळांना वाटतं. तो गेलेला नाही. टोकाची पोकळी पॉलिमरने भरलेल्या गोळ्या इथले लोक वापरतात त्या यामुळेच.

आता तो डबा.

‘पाहुण्यांचा फराळ’ वाचून मी हसले. पण हसता हसता माझ्या आतली दुभाषी जागी झाली. गोळी चालली तर फोन जप्त होईल. ग्रुपवरचा फोटो निघेल. मराठी मजकूर आहे म्हणून कोर्ट माझ्यासारख्या कुणाला तरी शपथ देऊन समोर बसवेल आणि म्हणेल, भाषांतर करा. मी काय करू? पाहुणा म्हणजे ‘गेस्ट’. फराळ म्हणजे सणासुदीचं खाणं. दुभाष्याला मिश्कीलपणा भाषांतरात घालता येत नाही, आपल्या पदरचं स्पष्टीकरण देता येत नाही, आवाजात हसू आणता येत नाही. बारा ज्युरर ऐकतील ते असं: या माणसाने काडतुसांच्या डब्यावर लिहिलं होतं, पाहुण्यांसाठी सणाची मेजवानी. म्हणजे हा वाट पाहत होता! मी माणसांना त्यांच्या स्वतःच्याच जुन्या मेसेजेसनी बुडताना पाहिलंय, आणि दरवेळी मराठी वाक्य ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा तो इंग्रजी वाक्यात कुठेच उतरायचा नाही. घरच्या काडतुसांपेक्षा या दोन शब्दांची मला शंभरपट जास्त भीती वाटते. आज काही घडलेलं नाही, कुठली चौकशी नाही, तोवर डब्यावर तारीख आणि वजन एवढंच राहू द्या. घडून गेल्यावर मात्र फोनमधलं काहीही पुसायला जाऊ नका. तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

आणि आता तुमचं ते अर्धं वाक्य. भाचा मास्टर्स करतोय म्हणजे बहुधा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असणार. त्याला बेसमेंटमध्ये बसवून तुम्ही केसेस धुऊन घेताय, प्रायमर बसवून घेताय. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थी किंवा एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच नव्हे, काडतूसही ताब्यात ठेवता येत नाही. थोडे अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक. आणि काडतूस म्हणजे काय याची व्याख्या त्याच कायद्यात आहे: भरलेलं काडतूस तर खरंच, पण रिकामी केस, प्रायमर, गोळी आणि दारू, यांतली प्रत्येक सुटी वस्तूसुद्धा. म्हणजे ज्या खोलीत तो झोपतो, त्या खोलीतल्या तुमच्या टेबलावरचा प्रायमरचा डबा पुरे आहे. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहावरून पंधरा वर्षं झाली. अशा माणसाच्या हाती या वस्तू जाणूनबुजून देणं हा देणाऱ्याचाही गुन्हा. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी माणूस, ग्रीन कार्डवाला असला तरी, देशाबाहेर काढला जाऊ शकतो. भाच्याने काही वाईट केलेलं नाही. मामाचा प्रेमळ छंद, रविवारचे पोहे, गप्पा. ताईने मुलाला तुमच्या भरवशावर पाठवलंय, एवढं लक्षात घ्या.

‘मग त्याला शिकारीचा परवाना काढून देतो’ असं तुमच्या मनात येईल, मला माहीत आहे आपली माणसं. त्या अपवादाच्या आधाराने काही करायचं असेल तर आधी इमिग्रेशनचा वकील गाठा. तोवर भाचा वर आणि टेबल खाली, मध्ये कुलूप, किल्ली तुमच्याकडे.

अकरा वर्षांच्या मुलाचं थोडक्यात: न्यू जर्सीत सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती हलगर्जीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर मालक गुन्हेगार ठरतो. तिजोरीचा आकडा त्याची जन्मतारीख नसावी. (असते, बहुतेक घरांत असते.)

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. चोरी झाली तेव्हा शेजारी घरी नव्हते. चोर सोन्यासाठी आले, रिकामं घर बघून आले आणि गेले. तुम्ही मात्र तयारी केली आहे ती माणूस अंगावर येण्याची. इथे जीवघेणं बळ वापरायला जीवाचं किंवा गंभीर इजेचं भय लागतं, नुसतं सोनं वाचवायला ते चालत नाही. स्वतःच्या घरात पळून जायची सक्ती नाही, हे खरं. पण घराबाहेर, सुरक्षित निसटता येत असेल तर निसटावंच लागतं. ड्राइव्हवेतून गाडी नेणाऱ्यामागे पिस्तूल घेऊन धावलात तर काडतूस कुणी भरलं हा प्रश्न कुणी विचारणारसुद्धा नाही. आणि फौजदारीतून सुटलात तरी दिवाणी दावा उरतोच, तिथे पुराव्याची पायरी खालची असते. घराचा विमा जाणूनबुजून केलेल्या कृतीला सहसा पैसे देत नाही. पॉलिसी काढून वाचा.

म्हणून दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, मागच्या दाराला नीट कुलूप, बाहेर दिवा, आणि लग्नाला निघालो म्हणून विमानतळावरून फोटो टाकायचे नाहीत. पत्नीशी बंदूक हवी की नको हा वाद घालण्याआधी हे करून टाका. तिचा विरोध काडतुसाला नाही. रात्री आवाज झाला तर तुम्ही जिना उतरून खाली जाणार, हे तिला ठाऊक आहे, तिची भीती ती आहे. तिला सांगा: आवाज झाला तर मुलाला आपल्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ लावायचा, आणि मी खाली उतरणार नाही. हे कबूल करून पाळलंत तर निम्मं भांडण मिटेल. पोलीस आले की शांतपणे नाव-गाव, घडलं ते दोन वाक्यांत, आणि बाकी वकील आल्यावर. घाबरलेला माणूस खूप बोलतो, आणि मोडक्या इंग्रजीत बोललेलं प्रत्येक वाक्य पुढे वर्षभर त्याचा पाठलाग करतं, हे मी जवळून पाहिलंय.

हे सदर सिंधुदुर्गात, कोल्हापुरातही वाचलं जातं, म्हणून तिकडच्यांसाठी दोन शब्द. आजोबांनी ठासणीची बंदूक ठासली ते तिचं कामच तसं म्हणून, आणि परवाना पिकाच्या राखणीचा होता. अमेरिकी व्हिडिओ पाहून घरी काडतुसं बनवायला बसू नका. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, तो तुमच्या वकिलाकडून समजून घ्या.

क्लबातले मित्र तुमच्याकडे काडतुसांचे डबे मागतात असंही लिहिलंय. देऊ नका, विकू तर नकाच. विकायचा धंदा म्हणजे उत्पादकाचा संघीय परवाना लागतो, आणि एखाद्याच्या हातात पिस्तूल फुटलं तर जबाबदारी तुमची.

पहिलं काम या शनिवारी. वरच्या खोलीत गणपतीचं मखर आणि खोकी भरलेली आहेत म्हणून भाचा खाली झोपतो, असं लिहिलंत. मखर गॅरेजमध्ये हलवा. बाप्पा रागवणार नाहीत.